मासळीच्या शाश्वतता प्रमाणपत्राची तयारी : या चुका टाळा

ऑफिस बडोद्यात, माल वेरावळ-मांगरोळचा, गिऱ्हाईक स्पेन किंवा इटलीत. अशा निर्यातदाराला एक दिवस मेल येतो : तुमच्या स्क्विडला एमएससी आहे का? दुसऱ्याच दिवशी क्वालिटीवाल्या माणसाच्या टेबलावर नवी फाइल उघडते. तो एचएसीसीपीच्या (कारखान्यातल्या अन्नसुरक्षेच्या तपासणीच्या) वेळचीच यादी काढतो : पाण्याचे रिपोर्ट, तापमानाची रजिस्टरं, कामगारांची मेडिकल. पहिली चूक इथेच होते, आणि पुढच्या बहुतेक तिच्याच पोटातून निघतात.

एमएससी म्हणजे मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल. १९९७ मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड आणि युनिलिव्हर यांनी सुरू केलेली, पुढे स्वतंत्र झालेली लंडनची संस्था. तिचं मुख्य प्रमाणपत्र कारखान्याला मिळत नाही, मासेमारीला मिळतं. समुद्रातला अमुक साठा (एका जातीची त्या पाण्यातली सगळी मासळी), अमुक जाळं, अमुक पाणी, अमुक बोटी आणि त्यांच्यावर चालणारा कायदा, या सगळ्याची एकत्र परीक्षा असते. कारखाना आरशासारखा लख्ख असला तरी त्याचा इथे एकही गुण मिळत नाही. कारखान्याचं प्रमाणपत्र वेगळं, त्याला चेन ऑफ कस्टडी (माल कुणाच्या हातातून कुठे गेला याची साखळी) म्हणतात. मूळ मासेमारी प्रमाणित नसेल तर ते घेऊन भिंतीवर लावता येतं, एवढंच.

दुसरा गोंधळ सरकारी कागदांचा. युरोपसाठी एमपीडाकडून (केंद्राच्या सागरी उत्पादन निर्यात प्राधिकरणाकडून) मिळणारं कॅच सर्टिफिकेट हे मासळी बेकायदा पकडलेली नाही याचं आहे. २०१० पासून ते लागतं आणि १० जानेवारी २०२६ पासून युरोपच्या आयातदाराला ते 'कॅच' या संगणक प्रणालीतूनच भरावं लागतं. एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन एजन्सीचं हेल्थ सर्टिफिकेट हे खाण्यायोग्यतेचं. शाश्वततेबद्दल दोन्ही काहीच सांगत नाहीत. ते जोडून 'आमचं सगळं आहे' असं उत्तर पाठवलं तर गिऱ्हाईकाला कळतं की समोरच्याला प्रश्नच कळलेला नाही.

एकक आखताना होणारी चूक

अर्जात सगळ्यात आधी मोजणीचं एकक ठरतं. जात, तिचा साठा, जाळ्याचा प्रकार, पाण्याची हद्द आणि बोटींचा गट, हे पाच धागे एकत्र आले की एक एकक. 'गुजरातची मासळी' हे एकक होत नाही. 'वेरावळचे ट्रॉलर' हेही होत नाही.

नावापासूनच घोळ असतो. आपण माकूल म्हटलं की त्यात स्क्विडही येतो आणि कटलफिशही. हे दोन वेगळे प्राणी, दोन वेगळे साठे. बिलावर 'रिबन फिश' लिहिलेल्या वाकटीतही ट्रायक्युरस लेप्टुरस आणि लेप्टुराकॅन्थस सवाला अशा दोन जाती एकाच क्रेटमध्ये येतात. अर्जात शास्त्रीय नाव एक आणि क्रेटमध्ये जाती दोन, असं असेल तर तपासक पहिल्या भेटीतच थांबतो. उपाय साधा आहे. ज्या नावाने तांडेल बोलतो, ज्या नावाने लिलाव होतो आणि ज्या नावाने इन्व्हॉइस बनतं, त्या तिन्ही नावांसमोर शास्त्रीय नाव आणि फोटो असा एक तक्ता करा आणि तोच सगळीकडे वापरा.

एकक जितकं मोठं तितका माल जास्त, हा हिशेब मोहात पाडतो. पण त्यातली सगळ्यात कमकुवत बोट किंवा जाळं सगळ्यांना खाली खेचतं. भारतातलं पहिलं एमएससी प्रमाणपत्र नोव्हेंबर २०१४ मध्ये कोल्लमच्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना मिळालं. एक जात, एक सरोवर, हाताने चालणारी साधनं. नियमही थोडे आणि स्पष्ट : डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी, जाळ्याला ३० मिलिमीटरचा आस (जाळ्याचं भोक), आणि किलोत १४०० पेक्षा जास्त नग भरतील इतकं बारीक मांस निर्यात करायचं नाही. ट्रॉलरच्या मासळीला इतकं सुटसुटीत एकक मिळणार नाही हे खरं, पण आखताना नजर त्याच दिशेला हवी.

गुणांचं गणित न मांडणं

परीक्षा तीन तत्त्वांवर होते : साठ्याची स्थिती, पर्यावरणावरचा परिणाम आणि व्यवस्थापन. प्रत्येकाखाली अनेक निर्देशक, आणि प्रत्येक निर्देशकाला ६०, ८० आणि १०० अशा पायऱ्या. कुठेही ६० च्या खाली गेलात तर नापास. प्रत्येक तत्त्वाची सरासरी ८० किंवा जास्त हवी. ६० ते ७९ मध्ये अडकलेल्या निर्देशकावर 'अट' लागते आणि ती साधारण प्रमाणपत्राच्या ५ वर्षांत पूर्ण करावी लागते.

लोक यातला पहिला भाग वाचतात, '६० पुरेत' असं समजतात आणि खुश होतात. आता मांडून बघा. साठ्याच्या तत्त्वात एका निर्देशकाला ६०, एकाला ७० आणि बाकी सगळ्यांना ८०. एकही ६० च्या खाली नाही, तरीही निकाल नापास, कारण सरासरी ८० ला पोचतच नाही. एक निर्देशक ८० च्या खाली गेला की त्याची भरपाई त्याच तत्त्वातल्या, ८० च्या वर गेलेल्या दुसऱ्या निर्देशकाने करावी लागते. व्यवस्थापनात ९० पडले तरी ते साठ्याच्या मदतीला येत नाहीत. म्हणून पूर्वतपासणीचा (पूर्ण मूल्यांकनाआधी करून घ्यायच्या चाचणीचा) अहवाल हातात आला की 'अटी किती' हे मोजण्याआधी 'प्रत्येक तत्त्वात ८० च्या वर काय आहे' हे मोजा. काहीच नसेल तर पूर्ण मूल्यांकनाचे पैसे भरू नका. एमएससीच्या अंदाजानुसार त्याचा खर्च १५ हजार ते १ लाख २० हजार डॉलरच्या पट्ट्यात असतो, आणि अर्ध्यावर सोडलं म्हणून तो परत येत नाही.

पूर्वतपासणी गोपनीय असते, ती कुठेही प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे ती टाळण्यात काहीच शहाणपण नाही. मानकाची आवृत्ती ३.० २०२२ मध्ये आली आणि ३.१ २०२४ मध्ये. आपल्याला कुठल्या आवृत्तीवर मोजणार हे तपासणाऱ्या संस्थेकडून आधी लेखी घ्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या जुन्या नमुन्यावर सहा महिने काम केलं की ते सगळं पुन्हा करावं लागतं.

'बंदी पाळतो ना आम्ही'

पश्चिम किनाऱ्यावर केंद्राने ठरवलेली १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे. ती पाळली जाते, हे चांगलंच आहे. पण मानकात साठ्याच्या तत्त्वाखाली एक निर्देशक पकडीच्या नियंत्रण-नियमाचा आहे आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच रुतते. त्याचा प्रश्न असा : साठा घसरू लागला तर मासेमारी कमी होईल असा नियम आधीच ठरलेला आहे का? ६१ दिवसांची बंदी साठा भरलेला असो की रिकामा, तेवढीच राहते. म्हणजे तिची गणना व्यवस्थापनाच्या साधनांत होते, पण या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

आपल्याकडे कोटा पद्धत नाही, म्हणून हा मुद्दा सुटणारच नाही असंही नाही. दिवस, बोटींची संख्या, आस, ठरावीक भाग बंद करणं, यांतलं काहीही चालतं. फक्त ते एखाद्या आकड्याला बांधलेलं हवं : प्रति तास पकड अमुकच्या खाली गेली तर पुढच्या हंगामात अमुक करायचं. हे निर्यातदार ठरवू शकत नाही. १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, म्हणजे इथे गुजरात फिशरीज अॅक्ट २००३. त्यापुढचं, २०० मैलांपर्यंतचं पाणी केंद्राचं, आणि त्यासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे नियम आले, ज्यांत यांत्रिक बोटींना प्रवेश-परवाना लागतो. वेरावळचा मोठा ट्रॉलर एकाच फेरीत दोन्ही पाण्यांत फिरतो. अर्जात फक्त राज्याचा कायदा जोडणं ही नेहमीची चूक आहे.

सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) २०२२ च्या पाहणीत १३५ साठे तपासले, त्यांतले ९१.१ टक्के निरोगी निघाले. हे वाक्य सध्या प्रत्येक सादरीकरणात असतं. तपासकाला त्याने फरक पडत नाही. त्याला तुमच्या एककातला एकच साठा हवा असतो : त्याचं मूल्यांकन कधी झालं, कुठल्या पद्धतीने, संदर्भ-पातळी कुठली. सीएमएफआरआयचं केंद्र वेरावळलाच आहे, तिथे जाऊन नेमका तो अहवाल मागा.

लॉगबुक : रकाने भरले, माहिती नाही

बंदरावरची आकडेवारी आणि समुद्रातली पकड या दोन वेगळ्या गोष्टी. बंदरावर जे उतरतं तेच मोजलं जातं. वाटेत जे फेकलं ते कुणाच्याच खात्यात नाही. शिवाय शासकीय आकडे नमुना पद्धतीने राज्याचा अंदाज देतात, तुमच्या ३० बोटींचा नाही. म्हणून लॉगबुक. तेही गुजरातीत, एका पानावर एक दिवस, जाड पुठ्ठ्याचं, पेन्सिलीने लिहिता येईल असं. इंग्रजी छापील लॉगबुक बोटीवर दिलं की ते फेरी संपल्यावर धक्क्यावर बसून एकाच शाईत, एकाच अक्षरात भरलं जातं. पंधरा दिवसांच्या फेरीत रोज सकाळी बरोबर ६ ला जाळं टाकलेलं दिसलं की तपासकाला वेगळं सांगावं लागत नाही.

एका ओढीची नोंद अशी हवी : तारीख, जागा २०°४२' उत्तर ७०°०५' पूर्व, खोली ५० मीटर, जाळं ५.४० ला टाकलं, ८.५५ ला ओढलं. माकूल (स्क्विड) ३८ किलो, राणे २२, वाकटी ६०, कुटा (बारीक मिसळ मासळी) ११०. कासव शून्य, डॉल्फिन शून्य, देवमासा शून्य.

एवढ्या ओळीतून काय निघतं ते बघा. एकूण २३० किलो. अर्ज माकुलाचा, पण माकूल जेमतेम साडेसोळा टक्के. मानकात सोबत येणारी जात वजनाने ५ टक्के किंवा जास्त असेल तर 'मुख्य' धरतात (नाजूक, हळू वाढणाऱ्या जातींना २ टक्केही पुरतात), आणि तिचीही परीक्षा होते. वाकटी २६ टक्के, राणे साडेनऊ. आणि फिशमीलला जाणारा कुटा जवळजवळ ४८ टक्के. त्यात काय आहे? 'कुटा' ही जात नव्हे. इथे बहुतेक अर्ज गप्प होतात.

कुट्याचा नमुना घ्यायला शास्त्रज्ञ लागत नाही. ढीग फावड्याने हलवून एकसारखा करा, दहावा भाग म्हणजे ११ किलो बाजूला काढा, जातवार वेगळा करून तोला. त्यात वाकटीची पिल्लं १.२ किलो निघाली तर पूर्ण ढिगात १२ किलो. म्हणजे त्या ओढीत वाकटी ६० नव्हे, ७२ किलो, आणि टक्केवारी २६ वरून ३१ वर. सगळ्या बोटींवर हे करायची गरज नाही. प्रत्येक महिन्यात चार-पाच बोटी, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या. ओळखीच्याच बोटी निवडल्या तर आकडे गोड येतात आणि तपासक बोटींची यादी मागतो.

शून्याबद्दलही थोडं. संरक्षित प्राण्यांच्या रकान्यात शून्य लिहिणं आणि रकाना रिकामा ठेवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे; रिकामा म्हणजे 'पाहिलं नाही'. पण वर्षभर सगळ्या बोटींवर शून्यच असेल तर तेही कुणी मानत नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क जाळ्यात येतो हे जगजाहीर आहे. २००१ पासून तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला वनखात्याकडून भरपाई मिळते. त्या भरपाईचे फोटो आणि अर्ज हाच उत्तम पुरावा. प्राणी सापडला, सोडला, त्याची नोंद आहे. लपवायला जाणारे नेमका तोच कागद लपवतात.

जाता जाता : ओखामंडळ (द्वारका-ओख्याचा किनारा) बडोदे संस्थानात होतं तेव्हा दरबाराने सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या सागरी जीवसृष्टीची पाहणी करून घेतली होती. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत निघाला. आजच्या अर्जात त्याला गुण नाहीत, पण किनाऱ्यापासून इतक्या लांब बसलेल्या शहराला समुद्राची यादी करायची सवय नवी नाही.

आस कागदावर एक, खोल्यात दुसरा

गुजरातमध्ये ट्रॉलच्या खोल्याला, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लागतो. अर्जात तसं लिहिलेलं असतं. तपासक धक्क्यावर जाऊन मोजतो तेव्हा तीन गोष्टी निघतात. एक, आस हिऱ्याच्या आकाराचा; ओढताना तो मिटतो आणि पिल्लं बाहेर पडत नाहीत, चौकोनी उघडा राहतो. दोन, बाहेरून चौकोनी आणि आत बारीक जाळ्याची दुसरी पिशवी. तीन, मोजमापाचा घोळ : कुणी एका बाजूची लांबी मोजतो, कुणी ताणलेला पूर्ण आस. एका बाजूची २० आणि ताणून ४०, हे एकच जाळं.

तुम्हीच आधी मोजा. जाळं ओलं हवं, वाळलेलं नको. शिवणीपासून आणि दुरुस्त केलेल्या जागेपासून दूर, सलग २० आस. पाचरीसारखी चपटी पट्टी आत घाला, अडेल तिथला आकडा लिहा, विसांची सरासरी काढा. कागदावर बोटीचा नंबर, तारीख आणि 'ताणलेला आस' हे शब्द. हंगाम सुरू होताना एकदा आणि नाताळच्या सुमारास एकदा. मध्येच खोला बदलला जातो.

ज्या गोष्टी आपल्या नाहीत असं वाटतं

आपण शार्क विकत नाही, मग पंखांचा मुद्दा कशाला, असं स्क्विडवाला म्हणतो. पण त्याच ट्रॉलवर मुशी, म्हणजे लहान शार्क, येते आणि दुसऱ्याला विकली जाते. शार्कचे पंख कापून धड फेकण्याबद्दल शिक्षा झालेला पक्ष त्यानंतर दोन वर्षं पात्र नसतो. नव्या आवृत्तीत शार्क ठेवणाऱ्या बोटींना तो पंखांसकट उतरवण्याचा नियम दाखवावा लागतो. भारतात हे धोरण २०१३ पासून आहे आणि पंखांची निर्यात २०१५ पासून बंद आहे. म्हणजे कागद तयारच आहेत, फक्त ते जोडायचे राहतात. बोटीवरच्या खलाशांचंही तसंच : सक्तीच्या किंवा बालमजुरीच्या शिक्षेवरही तोच दोन वर्षांचा नियम आहे. खलाशांना उचल किती दिली, हिशेब कधी झाला, याचं साधं रजिस्टर ठेवा. एलईडीच्या प्रकाशात मासेमारीला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. गटातल्या एका बोटीवर ते दिवे सापडले तरी प्रश्न पूर्ण गटाला विचारला जातो.

बोटवाल्यांना शेवटी सांगणं

प्रमाणपत्राचा अर्जदार एकटा निर्यातदार असेल तर पहिल्या चांगल्या भावाला बोटवाला दुसऱ्याच्या दारात माल उतरवतो, आणि तो त्याचा हक्क आहे. खारवा या मच्छीमार समाजाचे पटेल (प्रमुख), बोट असोसिएशन आणि निर्यातदार यांचा एकत्र गट करा. करारात चार गोष्टी हव्यातच : लॉगबुक कोण लिहील आणि कोण तपासेल, वाढीव भावातला वाटा किती, नियम मोडणारी बोट गटातून कशी जाईल, आणि दुसऱ्या निर्यातदाराला प्रमाणपत्रात यायचं असेल तर तो किती खर्च देईल. वाटा ठरलेला नसेल तर लॉगबुक हे तांडेलाला फुकटचं काम वाटतं. वाटेलच.

अटींचा कृती-आराखडा लिहिताना 'मत्स्य विभाग नियम करील' असं बेधडक लिहू नका. जे काम दुसऱ्याच्या हातात आहे त्याला त्या खात्याचं पत्र लागतं. दरवर्षीच्या तपासणीत टप्पा चुकला की प्रमाणपत्र निलंबित होऊ शकतं, आणि तोवर गिऱ्हाईकाच्या पाकिटांवर लोगो छापून झालेला असतो. पूर्वतपासणीत फार खड्डे निघाले तर आधी मासेमारी सुधार प्रकल्प नोंदवा, पाच वर्षांचा आराखडा करा. फक्त त्या काळात कार्टनवर 'प्रमाणित' हा शब्द नको.

शेवटची साखळी

मासेमारी पास झाली तरी माल लोगोसह विकायला चेन ऑफ कस्टडी लागते, ३ वर्षांची. बडोद्यातले मर्चंट एक्स्पोर्टर इथे चुकतात. 'माल आमच्या हातालाच लागत नाही, वेरावळच्या कारखान्यातून थेट पिपावाव बंदराला जातो.' पण बिल तुमच्या नावावर फिरलं, म्हणजे मालकी आली. सीलबंद, थेट ग्राहकाला विकण्याच्या पाकिटातला माल नसेल तर तुम्हालाही प्रमाणपत्र हवं. जॉबवर्क करणारा कारखानाही तपासणीत येतो.

पंधरा-वीस दिवसांच्या फेरीत बोटीतला माल बर्फात थरावर थर असतो; तिथे मिसळत नाही, कारण बोट एकाच एककाची. मिसळतो तो धक्क्यावर, जिथे सप्लायर चार बोटींचा माल एका ट्रकात भरतो. गटातल्या बोटींच्या क्रेटना एक रंग ठरवा, आणि बोट नंबर व उतरवल्याची तारीख असलेलं टॅग क्रेटबरोबर सोलण्याच्या टेबलापर्यंत जाऊ द्या. उतारा, म्हणजे अख्ख्या मालातून साफ होऊन किती निघतो, तो मोजून ठेवा. समजा तुमचा उतारा ६० टक्के आहे आणि १००० किलो अख्ख्या माकुलातून ७४० किलो प्रमाणित ट्यूब विकली, तर १४० किलो कुठून आली हे विचारलं जाईलच. तपासकाच्या आधी स्वतः करून बघा : कोल्ड स्टोअरमधलं कुठलंही कार्टन उचला आणि लॉट, ट्रक, क्रेट असं मागे जात बोटीच्या लॉगबुकातल्या त्या पानापर्यंत पोचा. एका दिवसात पोचला नाहीत तर कुठे अडलात ते लिहून ठेवा.

लोगोचा परवाना हा पुन्हा वेगळा करार असतो आणि त्याची फी विक्रीवर लागते. मास्टर कार्टनचं डिझाइन मंजूर होऊन येईपर्यंत छापखान्याला ऑर्डर देऊ नका.